लस घेतली आणि घसा धरला: पहिल्या अर्ध्या तासापासून आठवड्याभरापर्यंत काय करायचं

गेल्या वर्षी मे महिन्यात आईला पहिल्यांदाच फ्लूची लस दिली. वय ७१, मधुमेह, आणि आदल्या पावसाळ्यात तापाने दोन आठवडे अंथरूण धरलेलं. म्हणून डॉक्टरांनीच सुचवलं होतं की पाऊस सुरू व्हायच्या आधी घेऊन टाका. संध्याकाळी दंड दुखला, रात्री थोडी कणकण आली, दुसऱ्या दिवशी उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेताना ती थांबली. "घसा धरलाय गं. गिळताना टोचतंय. लस बाधली मला."

दुपारपर्यंत मावशीचा फोन येऊन गेला, शेजारच्या काकू डोकावून गेल्या, आणि पुढच्या वर्षी ही लस घ्यायचीच नाही इथपर्यंत बोलणं गेलं. त्या दिवशी कुणीतरी क्रमाने समजावून सांगायला हवं होतं असं मला फार वाटलं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी अशी लस घेतंय, त्यांच्यासाठी तो क्रम इथे लिहितेय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

आधी हे बघा: घसा दुखतोय की गळा आवळतोय?

या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत आणि सगळ्यात आधी त्याच वेगळ्या करायच्या.

लशीची तीव्र अ‍ॅलर्जी आली तर ती बहुतेक वेळा काही मिनिटांत, पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच दिसते. लस घेतल्यावर ३० मिनिटं तिथेच बसायला सांगतात ते यासाठीच. रांग मोठी आहे, ऊन वाढतंय, रिक्षा थांबली आहे, काहीही असलं तरी ती ३० मिनिटं मोडू नका. अ‍ॅलर्जीत नुसता घसा खवखवत नाही. गळा आतून सुजल्यासारखा, आवळल्यासारखा वाटतो, आवाज एकदम घोगरा होतो, ओठ किंवा जीभ सुजते, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, श्वास घेताना घरघर होते, चक्कर येते, उलटी होते. यातलं काहीही जाणवलं तर "थोडं थांबून बघू" म्हणू नका. तिथल्या सिस्टरांना लगेच हाक मारा. यावरचा इलाज म्हणजे मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते लसीकरणाच्या जागी हाताशी ठेवलेलं असतं. माणसाला उभं करून चालवत नेऊ नका. आडवं झोपवून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर टेकून बसू द्या, पाणी पाजू नका. घरी पोहोचल्यावर असं झालं तर १०८ वर फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच नंबर चालतो.

हे वाचून घाबरू नका. दहा लाख डोसांमागे साधारण एक-दोन जणांनाच अशी अ‍ॅलर्जी येते. त्याहून कितीतरी जास्त लोकांना सुईच्या भीतीने घेरी येते, घाम फुटतो, घशात गोळा आल्यासारखा वाटतो. तेही खोटं नसतं, नाटक तर मुळीच नसतं. आडवं झाल्यावर त्यांना पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, अंगावर गांधी नसतात, ओठ-जीभ सुजत नाही. पण आपल्याला फरक ओळखता येईलच असं धरून चालू नका. दोन्ही वेळा सिस्टरांना सांगा, बघायचं काम त्यांचं.

कोणती लस आणि कितवा दिवस

अर्धा तास नीट गेला, घरी आलात, आणि नंतर कधीतरी घसा दुखू लागला, तर आता कागद-पेन घ्या. लशीचं नाव, टोचल्याचा दिवस आणि वेळ, घसा दुखायला लागल्याचा दिवस आणि वेळ, एवढं लिहा. अर्धं उत्तर या नोंदींतच मिळतं.

फ्लूचं दंडात दिलं जाणारं इंजेक्शन निर्जीव केलेल्या विषाणूपासून बनवतात. त्याने फ्लू होऊच शकत नाही. यावर एक प्रयोग झालेला आहे आणि तो मला फार समजूतदार वाटतो. काहींना फ्लूची लस आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. कोणाला काय दिलं हे कुणालाच माहीत नव्हतं. लस मिळालेल्यांचा दंड जास्त दुखला, तिथे लालीही जास्त आली. पण अंगदुखी, ताप, खोकला, नाक वाहणं आणि घसादुखी दोन्ही गटांत सारखीच निघाली. म्हणजे मिठाचं पाणी टोचलेल्यांचेही घसे धरले होतेच. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जरा विचारात पडली.

मग तिचा घसा तिसऱ्याच दिवशी का धरला? सर्दीचा विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते तीन दिवसांत घसा खवखवायला लागतो. फ्लूला एक ते चार दिवस लागतात. आता मागे मोजा. तिसऱ्या दिवशीच्या आधी एक ते तीन दिवस म्हणजे जवळपास तोच दिवस, ज्या दिवशी आम्ही दवाखान्यात खोकणाऱ्या माणसांमध्ये तासभर बसलो होतो. शिवाय त्याच आठवड्यात माझा शाळकरी भाचा शेंबूड पुसत आजीच्या मांडीवर लोळून गेला होता. लशीतून संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर शरीर तसं उघडंच असतं. आणि ते संरक्षण फक्त फ्लूविरुद्ध असतं. साध्या सर्दीच्या विषाणूंचा त्या लशीशी काही संबंध नाही.

सगळ्या लशींना मात्र हाच नियम लावू नका. कोव्हिशील्ड ज्या लशीवरून बनली, तिच्या माहितीपत्रकात ताप, थंडी, खोकला, नाक वाहणं यांच्याबरोबर घसादुखीही फ्लूसारखी लक्षणं म्हणून लिहिलेली आहे. ती पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. नाकात फवारायच्या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो, त्यामुळे तिने मोठ्या माणसांचं नाक वाहणं आणि घसा दुखणं अपेक्षितच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूविरुद्ध अशीच नाकातली लस आणली होती. बाळांना नवव्या महिन्यानंतर देतात त्या गोवर-रुबेलाच्या लशीचं वेळापत्रक आणखी निराळं: तिचा ताप आणि अंगावरचं बारीक पुरळ टोचल्यानंतर सुमारे सात ते बारा दिवसांनी येतं, म्हणजे आई-वडील लस विसरूनही गेलेले असतात.

साधारण हिशेब असा धरा. इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत सुरू झालं, सोबत कणकण आणि अंगदुखी आहे, दोन दिवसांत उतरलं, तर ते लशीचं असू शकतं. दोन दिवसांनंतर सुरू झालं, सोबत नाक गळतंय, शिंका आहेत, खोकला आहे, घरात आणखी कुणाला तसंच आहे, तर तो संसर्ग आहे असं समजून चाला.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या दंडात लस दिली, त्याच बाजूच्या काखेत किंवा मानेच्या खालच्या भागात कधीकधी दुखरी गाठ येते. कोविडच्या लशींनंतर हे बऱ्याच जणांनी अनुभवलं. मान दुखते म्हणून माणूस घसा दुखतो म्हणतो. बोटाने हलकं दाबून बघा: बाहेरून दुखतंय की गिळताना आतून? बाहेरची गाठ असेल तर ती रोगप्रतिकारशक्ती कामाला लागल्याची खूण आहे. ती एक-दोन आठवड्यांत, काहींची त्याहून थोड्या जास्त दिवसांनी विरते. चोळू नका, शेकत बसू नका. महिन्याभरानंतरही राहिली किंवा वाढत गेली तर दाखवा.

घशात डोकावून बघा

खिडकीपाशी बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा, "आ" म्हणायला सांगा. जीभ वर येत असेल तर चमच्याच्या दांड्याने हलकी खाली दाबा; फार मागे नेलात तर उबळ येईल.

नुसती लाली दिसली तर काळजीचं कारण नाही, विषाणूंच्या बहुतेक घसादुखीत एवढंच दिसतं. टॉन्सिल सुजून त्यांवर पिवळट-पांढरे ठिपके असतील, ताप असेल, जबड्याखाली पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी असतील आणि खोकला मात्र नसेल, तर तो जिवाणूंचा घसा असण्याची शक्यता वाढते. ही चार लक्षणं डॉक्टरही मोजतात. विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये याकडे दुर्लक्ष नको. असा घसा नीट उपचार न करता सोडला तर काही मुलांना पुढे सांधे सुजवणारा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपांना इजा करतो.

राखाडी-पांढरा, चिकटून बसलेला पडदा दिसला आणि मान सुजलेली असेल, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. तो घटसर्प असू शकतो. खरवडून बघू नका, रक्त येतं. आपल्याकडे घटसर्पाची लस सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लशीतून मिळते. मग दीड वर्षाच्या आसपास आणि पाच-सहा वर्षांचं असताना बूस्टर, आणि १० व १६ वर्षांचं झाल्यावर टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. पहिले तीन डोस होतात, पुढचे बूस्टर मात्र अनेक घरांत राहून जातात. घशाचा विषय निघालाच आहे तर मुलांचं कार्ड आजच काढून बघा.

घरी काय करायचं

मिठाच्या गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतपतच गरम हवं. कढत पाण्याने आधीच सोललेला घसा आणखी भाजतो. गुळण्यांनी विषाणू मरत नाही, पण सूज आणि टोचणी हलकी होते, आणि तासभर तरी गिळता येतं. आईने जेवणाआधी दहा मिनिटं गुळण्या करायला सुरुवात केली आणि तिचं जेवण सुधारलं. हा क्रम मला उपयोगी वाटला.

पॅरासिटामॉल हे घसादुखी आणि ताप दोन्हींसाठी पहिलं औषध. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसाला चारच्या वर नको. यकृताचा त्रास, रोजची दारू किंवा अगदी कमी वजन असेल तर घेण्याआधी विचारा. इथे एक चूक फार होते: तापाची गोळी वेगळी आणि दुकानातून आणलेली "सर्दीची गोळी" वेगळी, असं समजून दोन्ही घेतल्या जातात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. त्याच गोळ्यांतलं नाक मोकळं करणारं औषध रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून बीपीच्या माणसांनी त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आयब्युप्रोफेनसारखी औषधं घशाला चांगला आराम देतात, तरी आमच्या घरात मी ती टाळते. मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, यांतलं काही असेल तर ती धोक्याची. आणि आपल्याकडे पावसाळ्यातला ताप डेंग्यूचाही असू शकतो. त्यात आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही घ्यायची नसतात. हृदयासाठी रोजची लहान अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

खाण्यात मऊ आणि ओलसर: मेतकूट-भात, मुगाचं कढण, तांदळाची पेज, दूध-पोळी कुस्करून. चिवडा, टोस्ट, कडक भाकरी चार दिवस बाजूला. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय हे समजा. थंड बरं वाटत असेल तर थंडही चालतं. लस घेतल्यावर दही, ताक, केळं वर्ज्य असा कुठलाही नियम नाही.

हळद-दूध, सुंठ-गुळाची गोळी, लवंग, खडीसाखर चघळणं, यांनी घसा ओला राहतो आणि बरं वाटतं. जरूर घ्या. पण दोन गोष्टी सांभाळा. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं, म्हणून बीपी असलेल्यांनी आणि लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते टाळावं. आणि मधुमेह असेल तर मध, गूळ, खडीसाखर, चोखायच्या गोळ्या हे सगळं साखरेच्याच हिशेबात येतं. आजारपणात साखर तशीही चढते. आईची तिसऱ्या दिवशीची साखर बघून मी खडीसाखरेची डबी उचलून ठेवली.

वाफेने नाक मोकळं होतं, घशाला फारसा फरक पडत नाही. उकळतं पातेलं आणि डोक्यावर टॉवेल, यात भाजण्याचे प्रकार होतात. लहान मुलांच्या जवळपास हे करूच नका.

मुलांचं वेगळं

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोटावर लावूनही नको. त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. सहा वर्षांपर्यंत गुळण्या नीट जमत नाहीत, कोमट पाणी घोट-घोट द्या. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला चोखायची गोळी देऊ नका, घशात अडकते.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. बाजारात ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा ताकदीची सिरप मिळतात. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे १२५ च्या बाटलीतून ६ मिली किंवा २५० च्या बाटलीतून ३ मिली, दोन्ही मिळून नाही. जुनी बाटली संपली आणि नवी दुप्पट ताकदीची आणली, माप मात्र तेच ठेवलं, असं सहज घडतं. दर वेळी लेबल वाचा आणि चमच्याऐवजी बाटलीसोबतचं माप वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर डॉक्टरांशी बोलूनच औषध. मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही.

खोकल्याचं औषधही स्वतःहून नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आत ती सहसा टाळावीत, अशी सूचना काढली. मध्य प्रदेशात दूषित सिरपमुळे मुलं दगावली होती. घसा चार दिवस दुखेल, पण आपलं लेकरू सुरक्षित राहील.

कपाटातली उरलेली अँटिबायोटिक

ही मात्र कळकळीची विनंती. मागच्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या, किंवा दुकानदाराने दिलेला "तीन दिवसांचा कोर्स", लशीनंतरच्या घशावर घेऊ नका. लशीच्या त्रासावर अँटिबायोटिक काम करत नाही, विषाणूवरही करत नाही. ज्या थोड्या घशांना खरंच लागतं, त्यांना ठरलेलं औषध ठरलेले दिवस द्यावं लागतं, अर्धवट नाही.

डॉक्टरांकडे कधी

लगेच, रात्र असली तरी: श्वास घ्यायला त्रास, लाळही गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं येतंय, मान ताठ झाली आहे, माणूस गुंगीत आहे.

एक-दोन दिवसांत: ३८.५ सेल्सिअसच्या (सुमारे १०१ फॅरनहाइटच्या) वर ताप तीन दिवस टिकला, घसा एकाच बाजूला दुखतोय, वर सांगितलेले पांढरे ठिपके आहेत, अंगावर पुरळ आहे, किंवा आठवडा झाला तरी उतार नाही. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि तंबाखू, मिश्री, विडी असेल तर त्याहूनही आधी.

ज्येष्ठ, गर्भवती, मधुमेह-दमा-हृदयविकार असलेले आणि केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले यांनी इतकी वाट बघायची नाही. फ्लूच्या रुग्णांसाठी आपल्याकडे अ, ब, क अशी वर्गवारी वापरतात. सौम्य ताप आणि घसादुखी म्हणजे "अ": घरी राहा, २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासा. पण तीच लक्षणं या जोखमीच्या माणसांना असतील तर ते "ब" गटात जातात आणि त्यांना ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करायचं का हे डॉक्टर ठरवतात. ते औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं. म्हणून "लस झालीय, फ्लू कसा असेल" म्हणून दोन दिवस घालवू नका, लशीचे दोन आठवडे पूर्ण व्हायच्या आत तर नाहीच. तोवर घरात मास्क, वेगळा पेला, आणि नातवंडांपासून थोडं लांब.

नोंद आणि पुढचा डोस

त्रास लशीचा की योगायोगाचा, हे तुम्ही ठरवून मग कळवायचं असं नसतं. तुम्ही फक्त कळवा, ठरवायला समित्या असतात. योगायोगाने जुळून आलेला आजार असा एक वेगळा रकानाच त्यांच्या वर्गीकरणात आहे. सरकारी केंद्रात लस घेतली असेल तर आशाताई किंवा नर्सबाईंना सांगा, खासगीत घेतली असेल तर तिथल्या डॉक्टरांना. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क आहे. सोबत तो कागद ठेवा: लशीचं नाव, बॅच नंबर, दिवस, वेळ.

साधा घसा धरला म्हणून पुढचा डोस चुकवायचं कारण नाही. आणि डोसाच्या दिवशीच घसा खवखवत असेल पण ताप नसेल, तरी लस घेता येते. अंगात चांगला ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा. गळा आवळला होता, गांधी उठल्या होत्या, असं घडलं असेल तर मात्र तीच लस पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे.

आईचा घसा सहाव्या दिवशी मोकळा झाला. तोवर भाच्याच्या घरी चौघांनाही तोच घसा झाला होता, आणि त्यांतल्या कुणीच लस घेतलेली नव्हती. तिने तो कागद माझ्याकडून मागून घेतला, साखरेच्या वहीत ठेवला आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पुढच्या मे महिन्यात, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.